फळबागेतील मिनी ट्रॅक्टर व गवत कापणी यंत्र

फळबागेतील मिनी ट्रॅक्टर हा झाडांच्या दोन ओळींमधून चालू शकेल इतक्या अरुंद बांध्याचा, कमी वजनाचा आणि साधारणपणे ११ ते ३० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर होय. त्याच्या मागे जोडले जाणारे गवत कापणी यंत्र ओळींमधील गवत व तण जमीन न उकरता कापते आणि कापलेला पाला जागीच पसरवते. महाराष्ट्रातील छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात मोसंबी, डाळिंब व केसर आंबा यांच्या बागांमध्ये अशा ट्रॅक्टरचा उपयोग मशागत, फवारणी, वाहतूक आणि गवत नियंत्रण यांसाठी केला जातो. ट्रॅक्टर आणि अवजार ही दोन स्वतंत्र यंत्रे असली तरी त्यांची निवड एकत्रितपणे करावी लागते. बागेतील मोकळी जागा व गवताचा प्रकार यांवरून अवजार ठरते, तर वर्षभरातील सर्व कामांचा एकत्रित विचार करून ट्रॅक्टर ठरतो.

पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात छत्रपती संभाजीनगर, फुलंब्री, सिल्लोड, सोयगाव, कन्नड, खुलताबाद, वैजापूर, गंगापूर आणि पैठण असे नऊ तालुके आहेत. जिल्ह्याचा बराचसा भाग कमी-अधिक खोलीच्या काळ्या जमिनीचा असून बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. कापूस व मका ही प्रमुख खरीप पिके आहेत. जिल्ह्यात आणि शेजारच्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर आढळतात. जालन्याची मोसंबी व मराठवाड्याचा केसर आंबा या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर होते. एवढ्या क्षेत्रासाठी मोठा ट्रॅक्टर परवडत नाही. शिवाय बाग मोठी झाल्यावर तो ओळींमध्ये शिरतही नाही. पूर्वी आंतरमशागत बैलजोडीच्या वखराने व कोळप्याने होत असे. बैलजोडी वर्षभर सांभाळण्याचा खर्च आणि मजुरांची टंचाई यांमुळे या कामाचा काही भाग पॉवर टिलर व मिनी ट्रॅक्टर यांच्याकडे गेला.

बागेतील गवताचा प्रश्न पाण्याशीही निगडित आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात मराठवाड्यातील अनेक मोसंबी बागा पाण्याअभावी वाळल्या व तोडाव्या लागल्या. वाढलेले गवत झाडांच्या वाट्याचे पाणी घेते. तेच गवत वेळेवर कापून जमिनीवर पसरल्यास आच्छादनाचे काम करते आणि बाष्पीभवन कमी होते. यामुळे गवत कापणीची वेळ व पद्धत यांना कोरडवाहू प्रदेशातील बागेत विशेष महत्त्व आहे.

इतिहास

भातखाचरे व लहान शेते यांसाठी छोटे ट्रॅक्टर बनवण्याची परंपरा प्रामुख्याने जपानमध्ये विकसित झाली. कुबोटा कंपनीने १९६० मध्ये 'टी-१५' हा चालकाने बसून चालवायचा छोटा ट्रॅक्टर तयार केला. भारतात ट्रॅक्टरनिर्मितीला १९५९ मध्ये फरिदाबाद येथील आयशरच्या कारखान्यातून सुरुवात झाली. महाराष्ट्रात १९६३ मध्ये महिंद्रा समूहाने इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने मुंबईत ट्रॅक्टरनिर्मिती सुरू केली. १९७४ मध्ये मोहालीहून बाजारात आलेला 'स्वराज ७२४' हा भारतीय बनावटीच्या आरंभीच्या ट्रॅक्टरांपैकी एक होता.

वीस अश्वशक्तीच्या आतील ट्रॅक्टर भारतात उशिरा रुळले. बंगळूरची व्हीएसटी आणि राजकोटची कॅप्टन या कंपन्यांनी या गटात आधीपासून काम केले होते. पुढे महिंद्राचा १५ अश्वशक्तीचा 'युवराज २१५', स्वराजचा '७१७' आणि २०१७ मधील महिंद्राचा 'जिवो' यांमुळे ही बाजारपेठ विस्तारली. कुबोटाचे २४ अश्वशक्तीचे 'निओस्टार बी २४४१' व २७ अश्वशक्तीचे 'बी २७४१' हे चारचाकी चालनाचे ट्रॅक्टर प्रामुख्याने द्राक्ष व फळबागांसाठी वापरले जातात. २०२१ मध्ये स्वराजने सुमारे ११ अश्वशक्तीचे, पेट्रोलवर चालणारे 'कोड' हे अरुंद यंत्र आणले. २०२३ मध्ये महिंद्राने 'ओजा' ही हलक्या ट्रॅक्टरांची मालिका सादर केली.

रचना

इंजिनाची शक्ती अवजारापर्यंत दोन मार्गांनी पोहोचते. पहिला मार्ग ओढण्याचा असून त्यात चाकांच्या पकडीच्या जोरावर वखर किंवा कल्टिव्हेटर ओढला जातो. दुसरा मार्ग पीटीओ या मागील फिरत्या दांड्याचा आहे. रोटाव्हेटर, फवारणीचा ब्लोअर आणि गवत कापणी यंत्र ही अवजारे पीटीओवर चालतात. हा दांडा सामान्यतः ३५ मिलिमीटर व्यासाचा व सहा खाचांचा असतो आणि इंजिन ठरावीक गतीने चालत असताना मिनिटाला ५४० फेरे घेतो. पीटीओवर मिळणारी शक्ती इंजिनाच्या शक्तीपेक्षा कमी, साधारणतः ८० ते ९० टक्के असते. त्यामुळे गवत कापणी यंत्र निवडताना बॉनेटवर लिहिलेल्या अश्वशक्तीऐवजी पीटीओची अश्वशक्ती पाहिली जाते.

अवजार ट्रॅक्टरला तीन बिंदूंवर जोडले जाते. दोन खालचे दांडे हायड्रॉलिकने वर-खाली होतात आणि वरचा दांडा अवजाराचा तोल राखतो. जोडणीचे प्रकार आकारानुसार ठरलेले आहेत. 'प्रकार १' मधील खालच्या खिळ्यांचा व्यास २२ मिलिमीटर असतो. अनेक मिनी ट्रॅक्टरांना याचाच अरुंद प्रकार असतो. मोठ्या ट्रॅक्टरसाठी बनवलेले अवजार त्यामुळे मिनी ट्रॅक्टरला नीट बसेलच असे नाही.

गवत कापणी यंत्रांचे प्रकार

रोटरी स्लॅशर: उभ्या दांड्यावर आडवी पाती फिरतात. रचना साधी, किंमत तुलनेने कमी आणि पाती गावातच धार लावून घेता येण्याजोगी असतात. उंच, जाड गवत व झुडपी तण यांसाठी ते उपयुक्त असते. मात्र कापलेले गवत काहीसे लांब राहते व ओळीने साचते.

फ्लेल मोवर किंवा मल्चर: आडव्या दांड्यावर अनेक लहान, झुलती पाती असतात. गवताचे बारीक तुकडे होऊन ते समान पसरतात, त्यामुळे आच्छादन चांगले होते. छाटणीच्या बारीक फांद्यांचाही चुरा करता येतो. वजन, किंमत व शक्तीची गरज मात्र स्लॅशरपेक्षा अधिक असते.

कात्री पद्धतीचे यंत्र: केस कापण्याच्या यंत्राप्रमाणे पाती आडवी सरकतात. गवत बुडाशी कापले जाऊन अखंड पडते. जनावरांसाठी चारा गोळा करायचा असल्यास हे यंत्र सोयीचे असते व त्याला शक्ती कमी लागते. दगड वा कडक काड्या आल्यास पाती लवकर बिघडतात.

यांपैकी काही यंत्रे ट्रॅक्टरच्या मध्यरेषेपासून बाजूला सरकवता येतात. त्यामुळे ट्रॅक्टर ओळीच्या मध्यातून चालत असताना यंत्र झाडाच्या घेराखाली शिरते. खोडालगतच्या गवतासाठी मात्र पाठीवरचे ब्रश कटर किंवा खुरपणी यांचा अवलंब करावा लागतो.

रोटाव्हेटरशी तुलना

मिनी ट्रॅक्टरसोबत बहुधा रोटाव्हेटर घेतला जातो आणि तोच गवत काढण्यासाठी बागेत फिरवला जातो. त्यामुळे जमीन स्वच्छ दिसते, पण काही तोटे संभवतात. मोसंबीची अन्न घेणारी बारीक मुळे वरच्या थरात असतात. ती वारंवार तुटल्यास झाड कमकुवत होते. मुळांना व खोडाला झालेल्या जखमांतून डिंक्या रोगाच्या बुरशीला प्रवेश मिळतो. हरळी, कुंदा व लव्हाळा ही तणे जमिनीतील खोडांपासून वा गाठींपासून वाढतात. रोटाव्हेटरने त्यांचे तुकडे होऊन ती शेतभर पसरू शकतात. उताराच्या जमिनीत मोकळी झालेली माती पहिल्याच मोठ्या पावसात वाहून जाते.

गवत कापणी यंत्र जमिनीला हात लावत नाही. गवताची मुळे माती धरून ठेवतात आणि पावसाळ्यात चाके चिखलात कमी रुततात. तथापि केवळ कापणीने बहुवर्षायू तणांचा नायनाट होत नाही, ती दबून राहतात. गाजर गवत फुलावर येण्यापूर्वी कापल्यास बी तयार होत नाही. फुलोऱ्यानंतर कापल्यास बी पसरते. भाजीपाला, आले व कापूस यांच्या पूर्वमशागतीसाठी रोटाव्हेटरची उपयुक्तता कायम असल्याने अनेक शेतांत दोन्ही अवजारांची गरज पडते.

निवडीचे निकष

मोकळी जागा. मोसंबीची पारंपरिक लागवड ६ × ६ मीटर अंतरावर, तर डाळिंबाची लागवड बहुधा ४.५ × ३ मीटर अंतरावर केली जाते. लागवडीचे अंतर आणि प्रत्यक्ष मोकळी जागा या वेगळ्या गोष्टी आहेत. मोसंबीच्या झाडाचा घेर ४ मीटर झाल्यास ६ मीटरच्या ओळीत २ मीटरच जागा उरते, ४.५ मीटरच्या डाळिंबाच्या ओळीत घेर ३ मीटर झाल्यास दीड मीटर उरते. ट्रॅक्टरची एकूण रुंदी, म्हणजे चाकांच्या बाहेरील कडांमधील अंतर, या जागेपेक्षा पुरेसे कमी असावे लागते. मोजमाप फळे लागलेली व फांद्या झुकलेल्या असताना घेणे योग्य ठरते. ठिबक सिंचनाच्या नळ्या कोठून जातात हेही पाहावे लागते. यंत्राची कापणी रुंदी चाकांच्या बाह्य रुंदीइतकी किंवा थोडी अधिक असल्यास चाकांखाली दबलेले गवतही कापले जाते.

शक्ती. रोटरी स्लॅशरसाठी कापणी रुंदीच्या दर फुटामागे पीटीओची सुमारे ५ अश्वशक्ती हा ढोबळ ठोकताळा आहे. विरळ, कोवळ्या गवतासाठी कमी शक्ती पुरते. या हिशेबाने ४ फुटी (सुमारे १.२ मीटर) स्लॅशरला दाट गवतात २० अश्वशक्तीच्या आसपास पीटीओ शक्ती लागते, म्हणजे २४ ते २७ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर योग्य ठरतो. १५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरवर ३ फुटांपर्यंतचे यंत्र व गवत कमी उंचीचे असतानाच कापणी, ही मर्यादा पाळावी लागते.

वजन व उचलक्षमता. काळी जमीन ओली असताना जड ट्रॅक्टर फिरल्यास ती दबते व मुळांना हवा मिळत नाही. त्यामुळे बागेत हलका ट्रॅक्टर हितकारक असतो आणि वाफसा येईपर्यंत काम थांबवले जाते. दुसरीकडे, हलक्या ट्रॅक्टरमागे जड यंत्र उचलल्यास पुढची चाके हलकी होऊन सुकाणूचा ताबा सुटतो. यंत्राच्या वजनासोबतच ते मागच्या आसापासून किती लांब टांगले जाते हेही महत्त्वाचे असते. आवश्यकतेनुसार पुढे लोखंडी वजने लावली जातात.

चालन व क्लच. सपाट, निचऱ्याच्या जमिनीत दोनचाकी चालन पुरेसे असते. उतार, ओलावा किंवा जड अवजार असल्यास चारचाकी चालनाचा लाभ होतो. एकेरी क्लच असलेल्या ट्रॅक्टरमध्ये क्लच दाबताच पीटीओचा जोरही तुटतो. पण पात्यांचा वेग लगेच ओसरत नाही आणि तो उलट ट्रॅक्टरलाच पुढे ढकलू शकतो. यासाठी पीटीओवर ओव्हररनिंग क्लच बसवला जातो. दुहेरी क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ असल्यास ट्रॅक्टर थांबवूनही यंत्र चालू ठेवता येते.

चाचणी व सेवा. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था ट्रॅक्टरांच्या चाचण्या घेते. तिच्या अहवालांत पीटीओ शक्ती, इंधन वापर व उचलक्षमता यांची मोजमापे दिलेली असतात. जाहिरातीतील आकड्यांची त्यांच्याशी तुलना करता येते. तालुक्याच्या ठिकाणी सुटे भाग व कारागीर उपलब्ध असणे हाही व्यवहारातील महत्त्वाचा निकष आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे पैठण रस्त्यावरील कृषी विज्ञान केंद्र व गांधेली येथील महात्मा गांधी मिशनचे कृषी विज्ञान केंद्र येथे जिल्ह्यातील शेतकऱ्यांना सल्ला मिळू शकतो.

खर्चाचा हिशेब

गवत कापणीला प्रत्यक्षात लागणारा वेळ अपेक्षेपेक्षा कमी असतो. ६ मीटर अंतरावरील ओळींच्या एक हेक्टर बागेत ओळींमधील पट्ट्यांची एकूण लांबी सुमारे १,६७० मीटर भरते. २ मीटरच्या मोकळ्या पट्ट्यासाठी १.२ मीटर यंत्राच्या दोन फेऱ्या धरल्यास ट्रॅक्टरला सुमारे ३.३ किलोमीटर चालावे लागते. ताशी ३ किलोमीटर वेग व वळणांचा वेळ धरून हे काम साधारण दीड तासात होते. आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी कापणी केल्यास तीन तास लागतात. दोन हेक्टर बागेत वर्षातून पाच वेळा दोन्ही दिशांनी कापणी केली तरी एकूण काम ३० तासांचे होते.

ट्रॅक्टरचा स्थिर खर्च मात्र तो उभा असतानाही होतच असतो. उदाहरणादाखल, ५ लाख रुपयांचा ट्रॅक्टर १० वर्षे वापरून ५० हजारांना विकला असे धरल्यास वार्षिक घसारा ४५ हजार रुपये येतो. सरासरी गुंतवणुकीवर १० टक्के व्याज धरल्यास आणखी २७,५०० रुपये, म्हणजे वर्षाला एकूण ७२,५०० रुपये होतात. वापर १५० तास असल्यास इंधनाखेरीज तासाला सुमारे ४८३ रुपये, तर ५०० तास असल्यास १४५ रुपये पडतात. केवळ ३० तासांच्या गवत कापणीसाठी घेतलेला ट्रॅक्टर याच हिशेबाने तासाला २,४०० रुपयांहून महाग पडतो. त्यामुळे फवारणी, शेणखत व फळांची वाहतूक, इतर पिकांची मशागत आणि शेजाऱ्यांकडील भाड्याची कामे मिळून पुरेसे तास भरत असतील तरच खरेदी किफायतशीर ठरते. अन्यथा अवजार बँकेकडून भाड्याने घेणे किंवा गटाने सामाईक खरेदी करणे हे पर्याय उरतात.

अनुदान व नोंदणी

केंद्र शासनाने २०१४-१५ मध्ये सुरू केलेल्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून ट्रॅक्टर व अवजारांसाठी शेतकऱ्याच्या प्रवर्गानुसार सामान्यतः ४० ते ५० टक्के अनुदान, कमाल मर्यादेच्या अधीन राहून दिले जाते. महाराष्ट्रात त्यासाठी महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. खरेदी पूर्वसंमती मिळाल्यानंतरच करणे अपेक्षित असते. आधी खरेदी केल्यास अनुदानाचा हक्क जातो. २०२५ पासून राज्यातील कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक करण्यात आला आहे.

राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहाय्यता बचत गटांसाठी स्वतंत्र योजना आहे. तीत ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर व ट्रेलर ही उपसाधने यांसाठी ३ लाख ५० हजार रुपयांची मर्यादा ठरवण्यात आली. त्यापैकी ९० टक्के रक्कम शासनाची व १० टक्के गटाची असते. उपसाधनांच्या या संचात गवत कापणी यंत्राचा समावेश नाही, त्यामुळे ते स्वतंत्रपणे घ्यावे लागते.

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के करण्यात आला. मिनी ट्रॅक्टरचीही प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंदणी करावी लागते. छत्रपती संभाजीनगर कार्यालयाचा संकेतांक एमएच-२० आहे.

सुरक्षितता

१.२ मीटर व्यासात मिनिटाला ८०० फेरे घेणाऱ्या पात्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे १८० किलोमीटर असतो. त्यावर आदळलेला दगड किंवा तारेचा तुकडा गोळीसारखा उडतो. त्यामुळे यंत्राची संरक्षक पत्रे व मागील साखळ्या काढू नयेत, आणि काम चालू असताना आसपास माणसे, विशेषतः मुले, असू नयेत असा नियम आहे. पीटीओच्या उघड्या दांड्यात उपरण्याचे, साडीचे किंवा ओढणीचे टोक अडकून गंभीर अपघात होतात. दांड्यावरील प्लास्टिकचे आवरण त्यासाठीच असते. अडकलेले गवत काढण्यापूर्वी इंजिन बंद करून पाती पूर्ण थांबू द्यावी लागतात. अरुंद ट्रॅक्टरची चाके जवळ असल्याने बांधावर व उतारावर तो उलटण्याचा धोका अधिक असतो. उतारावर आडवे चालण्याऐवजी सरळ वर-खाली चालणे आणि वळताना वेग कमी ठेवणे सुरक्षित मानले जाते.

मर्यादा

मिनी ट्रॅक्टर सर्व कामांना पुरेसा नसतो. खोल नांगरट त्याच्या आवाक्याबाहेर असते. कापूस वेचणी संपल्यावर उभ्या पऱ्हाट्यांचा चुरा करणारे श्रेडरही सामान्यतः ३५ अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरवर चालतात. २०१७ मध्ये राज्यात शेंदरी बोंडअळीचा मोठा प्रादुर्भाव झाल्यानंतर पऱ्हाट्या वेळेवर नष्ट करण्यावर भर देण्यात आला; हे काम मिनी ट्रॅक्टर असलेल्या शेतकऱ्यालाही बहुधा भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरकडूनच करून घ्यावे लागते. वर्षातून एकदा येणाऱ्या अशा कामांसाठी मोठा ट्रॅक्टर घेतल्यास तो बागेत निरुपयोगी ठरतो. म्हणून वारंवार येणारी हलकी कामे स्वतःच्या लहान ट्रॅक्टरने व क्वचित येणारी जड कामे भाड्याने करणे ही विभागणी लहान बागायतदारासाठी व्यवहार्य ठरते.